पूजा थांबलेल्या वास्तूंचे पुढे काय? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात या सदरात आम्ही असे लिहिले होते की, ज्या ऐतिहासिक धर्मवास्तूत उपासना कायमची थांबली आहे ती टिकवायची असेल, तर तिला नवा आणि साजेसा वापर मिळवून देणे हाच बहुतेक वेळा एकमेव उपाय उरतो. त्यावर बरीच पत्रे आली. काही संमतीची आहेत, काही नाराजीची, आणि काही तर एखादी प्रत्यक्ष वास्तू डोळ्यांसमोर ठेवून सल्ला विचारणारी आहेत. सर्वांना उत्तरे देणे जागेअभावी शक्य नाही. ज्यांतील मुद्दा इतरांनाही उपयोगी पडेल अशी निवडक पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या सोयीसाठी दिलेली नाहीत.

प्रश्न (नाशिकहून) : मुलाकडे नेदरलँड्सला गेलो असताना मास्ट्रिख्ट येथे एका जुन्या चर्चमध्ये थाटलेले पुस्तकांचे दुकान पाहिले. दुकान देखणे होते, पण जेथे पूर्वी वेदी असावी त्या भागात लोक कॉफी पीत बसले होते. हा धर्मस्थानाचा अवमान नव्हे काय?

उत्तर : आपल्याला जे खटकले ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. ज्या जागी पाचशे वर्षे प्रार्थना झाली तेथे कपबश्यांचा आवाज ऐकून मन बिचकते, आणि ते बिचकणे त्या वास्तूविषयीच्या आदरातूनच येते. मात्र आपण तुलना कशाशी करतो आहोत हे आधी ठरवले पाहिजे. डोमिनिकन पंथीयांचे हे गॉथिक चर्च १२९४ मध्ये अर्पण करण्यात आले. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने मास्ट्रिख्ट घेतले, पुढे मठ बरखास्त झाला आणि चर्चमध्ये घोडे बांधले गेले. त्यानंतरच्या दोन शतकांत ती इमारत कधी कोठार होती, कधी तेथे मुष्टियुद्धाचे सामने झाले, कधी मुलांचे कार्निव्हल भरले, आणि शेवटी ती शहरवासीयांच्या सायकली ठेवण्याची जागा झाली. २००६ मध्ये तेथे पुस्तके आली, तेव्हा त्यांनी सायकलींची जागा घेतली. प्रार्थना तर त्याआधी दोनशे वर्षे थांबलेली होती.

त्या कामातील खरी शिकण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. दुकानाला सुमारे १२०० चौरस मीटर जागा हवी होती आणि चर्चच्या तळमजल्यावर मिळत होती जेमतेम ७५० च्या आसपास. सोपा मार्ग असा होता की मधल्या उंचीवर सबंध लांबी-रुंदीचा माळा घालावा, म्हणजे जागा दुप्पट झाली असती. तसे केले असते तर चर्चच मेले असते, कारण गॉथिक चर्चचे सारे सामर्थ्य जमिनीपासून कमानींच्या छतापर्यंत एका नजरेत दिसणाऱ्या त्या अखंड पोकळीत असते. वास्तुविशारदांनी काळ्या पोलादाची अनेक मजली, आत शिरून चढता येईल अशी प्रचंड मांडणी एका बाजूला उभी केली आणि दुसरी बाजू पूर्ण मोकळी सोडली. ही मांडणी आपल्याच पायांवर उभी आहे. तिचा भार जुन्या खांबांवर नाही. उद्या दुकान उठले तर ती सुटी करून नेता येईल आणि चर्च जसेच्या तसे उरेल. वरच्या मजल्यावर चढलेल्या ग्राहकाला छतावरची सतराव्या शतकातील चित्रे जितक्या जवळून दिसतात, तितक्या जवळून ती मूळच्या उपासकांनाही कधी दिसली नसतील.

कॅथलिक धर्मनियमांतही याचा विचार झालेला आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२२२ व्या नियमानुसार, जे चर्च उपासनेसाठी वापरणे आणि दुरुस्त करणे शक्य नाही, ते बिशप लौकिक वापराला देऊ शकतात; अट इतकीच की तो वापर हीन नसावा. २०१८ मध्ये व्हॅटिकनने या विषयावर रोममध्ये परिषद घेऊन मार्गदर्शक तत्त्वेही ठरवली, आणि त्यांत सांस्कृतिक व समाजोपयोगी वापराकडे स्पष्ट कल आहे. पुस्तकांचे दुकान या कसोटीत बसते असे माझे मत आहे. वेदीच्या जागी ठेवलेले, क्रूसाच्या आकाराचे ते लांब टेबल मात्र मलाही रुचत नाही. जागा वापरणे ही गरज असते. तिच्या पवित्र चिन्हाची सजावट करणे ही गरज नसते, आणि तेथे थोडा संयम बरा दिसला असता. तरीही आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१४ मध्ये या दुकानाची मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली आणि लोकांनी ती दिली. वास्तूशी शहराचे नाते पुन्हा जुळले होते याची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर येथील वास्तुकलेच्या विद्यार्थिनीकडून) : धर्मवास्तूंचा असा पुनर्वापर हा युरोपातला विचार आहे. भारतात याची काही परंपरा आहे काय?

उत्तर : आहे, पण ती बहुतांशी दुःखद आहे. अहमदाबादची सिदी सय्यद मशीद १५७३ ची. तिच्या दगडी जाळीची छायाचित्रे आपण पाहिलीच असतील. ब्रिटिश अमदानीत त्या मशिदीत महसुली कचेरी भरत असे. लाहोरमध्ये दाई अंगाच्या मशिदीत रेल्वेच्या अधिकाऱ्याचे कार्यालय होते, आणि अनारकलीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मकबऱ्याचे १८५१ मध्ये चर्च करण्यात आले. पुढे तेथे सरकारी अभिलेखागार आले व ते आजही तेथेच आहे. विजापूर त्या काळी मुंबई इलाख्यात होते. तेथील मशिदींपैकी एकीत टपाल कचेरी होती. लॉर्ड कर्झन यांनी १९०० मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात असल्या उदाहरणांची यादीच वाचून दाखवली आणि पुढे यांतील अनेक वास्तू मोकळ्या करवून घेतल्या. १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा त्याच विचारातून आला. आजच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील कलम १६ हा त्याचाच वारसा आहे : केंद्र सरकारच्या देखभालीखालील संरक्षित स्मारक जर प्रार्थनास्थळ असेल, तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा वापर तेथे करता येत नाही.

या उदाहरणांतील दोष केवळ कचेरी किंवा टपाल हा नव्हता. वापर कोणी ठरवला, हा प्रश्न आहे. ज्यांची ती उपासनेची जागा होती त्यांना कोणी विचारले नाही. ज्याच्या हाती सत्ता होती त्याने सोयीची इमारत घेतली. म्हणून एका धर्माची वास्तू दुसऱ्या धर्माने जोराने घेणे, आणि ज्या समाजाची वास्तू आहे त्याने स्वतः विचार करून ती दुसऱ्या कामाला देणे, या दोन गोष्टी आपल्या अभ्यासात कधीही एका रकान्यात लिहू नका. लंडनच्या ब्रिक लेनवर १७४३ मध्ये फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांनी बांधलेले एक प्रार्थनागृह आहे. पुढे तेथे मेथडिस्टांचे चॅपल झाले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचे प्रार्थनागृह झाले, आणि १९७६ पासून तेथे बांगलादेशी वस्तीची मशीद आहे. एक समाज दुसरीकडे राहायला गेला आणि नवा आला, तशी इमारत रीतसर व्यवहाराने हातोहात गेली. भिंतीवरची १७४३ ची सूर्यघडी कोणीही काढली नाही.

प्रश्न (मडगावहून) : जुन्या गोव्यात एकाच टेकडीवर सांता मोनिकाचा मठ दिमाखात उभा आहे आणि समोरच सेंट ऑगस्टीनचे चर्च भग्नावस्थेत आहे. दोन्ही एकाच काळातील, एकाच जांभ्या दगडाची. मग नशिबात एवढा फरक का?

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ऑगस्टीनच्या चर्चचे बांधकाम १५९७ ते १६०२ या काळातले आणि सांता मोनिकाचे १६०६ ते १६२७ या काळातले. दोन्हींवर संकट आले तेही एकच : पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले आणि १८३५ मध्ये तो हुकूम गोव्यात लागू झाला. पुरुषांचे मठ तत्काळ रिकामे करण्यात आले. स्त्रियांच्या मठात नव्या धर्मभगिनी घेण्यास मनाई झाली, पण ज्या आत होत्या त्यांना मरेपर्यंत राहू देण्यात आले. सांता मोनिकातील शेवटची धर्मभगिनी १८८५ मध्ये वारली. फरक एवढाच, पण तो पन्नास वर्षांचा होता.

आता ही पन्नास वर्षे प्रत्यक्षात काय करतात ते पाहा. जांभा सच्छिद्र असतो. चुन्याचा गिलावा आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी दिली जाणारी चुन्याची सफेदी हेच त्याचे अंगरखे असतात. घरात माणूस असले की गळती दिसते, पन्हळीत अडकलेला पाला निघतो, भिंतीच्या सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप बोटभर असतानाच उपटले जाते. माणूस गेले की दोन-चार पावसाळ्यांत तेच रोप मुळांनी चिरा फोडू लागते. ऑगस्टीनच्या चर्चचे छत १८४२ मध्ये, म्हणजे रिकामे झाल्यापासून अवघ्या सात वर्षांत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. मूळच्या चार मनोऱ्यांपैकी आज आपल्याला दिसतो तो एकाचा उरलेला तुकडा, सुमारे ४६ मीटर उंचीचा. त्या मनोऱ्यातील घंटा मात्र वाचली, कारण तिला काम मिळाले : ती आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये बसवण्यात आली. आपण पणजीला जाता तेव्हा ऐकता ती घंटा ऑगस्टीनची आहे.

सांता मोनिकाच्या वाट्याला नंतरही रिकामेपण फारसे आले नाही. तेथे धर्मभगिनींच्या शिक्षणाची संस्था आली, आणि २००२ मध्ये राशोलच्या धर्मविद्यालयात १९९४ पासून असलेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय मठाच्या चर्चमध्ये हलवण्यात आले. अलीकडे मोठ्या दुरुस्तीनंतर ते २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. हा वापर मला आदर्शाच्या जवळचा वाटतो. गोव्यातील घरांतून, चर्चांतून आलेल्या हस्तिदंती मूर्ती, चांदीची पात्रे, धर्मवस्त्रे अशा वस्तू जेथे आहेत तेथे प्रेक्षक आपोआप आवाज खाली आणतो. त्याला पाटी लावून सांगावे लागत नाही. पलीकडे फ्रान्सिस्कनांच्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६४ मध्ये संग्रहालय उभारले, त्यामुळे तोही मठ सुस्थितीत आहे. ऑगस्टीनचे आता छत घालून चर्च करू नये, संग्रहालयही करू नये. ते अवशेष म्हणूनच जपावे. तेथे झालेला ऱ्हास हासुद्धा आता त्या जागेचा इतिहास आहे.

प्रश्न (इस्रायलमधील लोद येथून) : माझे आजी-आजोबा रायगड जिल्ह्यातील किनाऱ्यावरच्या एका गावातून येथे आले. तेथील आमचे लहानसे सिनेगॉग वर्षातून क्वचितच उघडते. गावात आमच्यापैकी कोणी उरलेले नाही. ते विकून टाकावे असे काही नातेवाईक म्हणतात. ते योग्य होईल काय?

उत्तर : आपले मराठी अक्षर पाहून फार आनंद झाला. धर्माच्या बाजूने अंतिम उत्तर आपल्या धर्मगुरूंनीच द्यावयाचे आहे, पण ज्यू परंपरेने हा प्रश्न फार प्राचीन काळीच विचारात घेतला आहे एवढे सांगतो. मिश्ना या प्राचीन ज्यू नियमग्रंथातील मगिल्ला या प्रकरणात याची चर्चा आहे : सिनेगॉग विकून आलेल्या पैशांतून त्याहून अधिक पवित्र अशीच वस्तू घ्यावी, कमी पवित्र घेऊ नये, आणि विकलेल्या इमारतीचे स्नानगृह, चामडे कमावण्याची जागा, धार्मिक स्नानाचे कुंड किंवा मुतारी होऊ देऊ नये. म्हणजे विक्रीला सरसकट बंदी नाही, पण पुढे तेथे काय होईल याची जबाबदारी विकणाऱ्यावरच राहते.

केरळमध्ये आपल्यासारखीच परिस्थिती आधी आली, कारण कोचीनचे ज्यू १९५० च्या दशकात मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. चेन्नमंगलम आणि परावूर येथील सिनेगॉग दुरुस्त करून तेथे त्या समाजाच्या जीवनाचे दर्शन घडवणारी संग्रहालये करण्यात आली. एर्नाकुलमच्या कडवुंभागम सिनेगॉगची कथा मला अधिक जवळची वाटते : समाजातीलच एका गृहस्थांनी इमारतीच्या पुढच्या भागात रोपांचे आणि शोभेच्या माशांचे दुकान चालवले. दिसायला ते साधे दुकान, पण त्यामुळे दार रोज उघडत राहिले, आतल्या प्रार्थनागृहावर कोणाचा तरी डोळा राहिला, आणि पुढे जीर्णोद्धार होऊन तेथे प्रार्थनाही झाली. याउलट मट्टनचेरीच्या त्याच नावाच्या सिनेगॉगचे कोरीव लाकडी अंतरंग जेरुसलेमच्या संग्रहालयात नेऊन जपले गेले, ते उत्तमच झाले. पण मागे राहिलेल्या भिंतींची जबाबदारी कोणी घेतली नाही आणि २०१९ च्या पावसात त्यांचा मोठा भाग कोसळला.

म्हणून आपल्या नातेवाइकांपुढे विक्रीआधी एक मधला मार्ग ठेवा. इमारत समाजाच्या ट्रस्टकडेच राहू द्यावी आणि गावातील एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला ती ठरावीक अटींवर वापरायला द्यावी. भिंतीवर आपल्या समाजाची, त्याच्या पिढीजात तेलाच्या घाण्यांची आणि तो पाळत असलेल्या शनिवारच्या सुट्टीची हकीकत मराठीत लिहिलेली असावी, आणि सणाला आपल्यापैकी कोणी आले तर दिवसभर जागा मोकळी मिळावी. गावातील जुन्या शेजाऱ्यांना आपले आजी-आजोबा अजून आठवत असतील. त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलणे, तिकडून पत्राने व्यवहार ठरवण्यापेक्षा केव्हाही चांगले.

प्रश्न (सातारा जिल्ह्यातील एका देवस्थान ट्रस्टच्या सचिवांकडून) : आमच्या ट्रस्टच्या ताब्यात सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा मठ आहे. चौकात समाधी आहे. गुरुपरंपरा खंडित झाली. समाधीवर रोज फूल-दिवा होतो आणि पुण्यतिथीला भंडारा होतो. बाकी ओवऱ्या आणि माडी बंद पडून आहेत. गावची मुले स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी शहरात खोल्या घेऊन राहतात. मठात अभ्यासिका आणि वाचनालय काढावे असे तरुणांचे म्हणणे आहे, ज्येष्ठांचा विरोध आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : अभ्यासिका काढावी असे माझे स्पष्ट मत आहे, पण ज्येष्ठांना बाजूला सारून नव्हे. त्यांचा विरोध बहुधा अभ्यासाला नसतो. समाधीपुढे चपला, मोबाइल आणि रात्री-अपरात्रीचा वावर येईल ही त्यांची भीती असते, आणि ती खोटी नाही. म्हणून पहिला ठराव असा करा की चौक आणि समाधी जशी आहे तशीच राहील, फूल-दिवा चालू राहील, पुण्यतिथीच्या दिवशी अभ्यासिका बंद राहील, आणि अभ्यासिकेचा वापर केवळ ओवऱ्या आणि माडी यांपुरता असेल. ओवऱ्यांना बाहेरून वेगळे दार काढण्याचा मोह मात्र टाळा. मुलांनी समाधीपुढून जावे, नमस्कार करायचा तर करावा. मठात शिकायला येण्याची रीत आपल्याकडे नवी नाही.

दुसरे कागदपत्रांचे. ट्रस्टच्या नोंदणीतील परिशिष्ट १ वर मठाची इमारत मिळकत म्हणून दाखवलेली आहे का, आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर कोणाचे नाव आहे, हे आधी पाहा. अनेक ठिकाणी शेवटच्या महंतांच्या नावाची नोंद तशीच राहिलेली असते आणि वाद तेथूनच उद्भवतात. वाचनालय ट्रस्टनेच चालवले तर गुंतागुंत कमी. एखाद्या वेगळ्या संस्थेला इमारत भाडेपट्ट्याने द्यायची असेल आणि मुदत तीन वर्षांहून अधिक असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावीच लागते. ट्रस्टच्या उद्देशांत विद्यादान किंवा तत्सम शब्द नसल्यास वकिलांचा सल्ला घेऊन उद्देशांचा विस्तार करून घ्यावा. मूळ उद्देश पार पाडणेच अशक्य झाले असेल, तर त्याच्या जवळचा दुसरा उद्देश ठरवून घेण्याची सोय कलम ५५ मध्ये आहे. आपल्याकडे पूजा चालू असल्याने तेवढ्यावर जाण्याची वेळ येईल असे वाटत नाही. १९९१ च्या प्रार्थनास्थळांच्या कायद्याने १५ ऑगस्ट १९४७ रोजीचे धार्मिक स्वरूप कायम राखण्याचे बंधन घातलेले आहे, आणि समाधीची पूजा अखंड ठेवण्याचे हेही एक कारण आहे. इमारत केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या यादीत असल्यास त्यांच्या लेखी परवानगीशिवाय एक खिळाही ठोकू नये.

आता प्रत्यक्ष बांधकाम, आणि येथेच सर्वाधिक नुकसान होते. सर्वांत आधी छत पाहा. कौले चाळून घ्या, पन्हळी साफ करा, आणि एक पावसाळा गळतीचे निरीक्षण करूनच आतल्या कामाला हात घाला. मग माडीच्या तुळया. सागवानी तुळई मधे सहसा कुजत नाही. तिचे टोक जेथे भिंतीत शिरते तेथे ओल धरते आणि आतून पोकळ होते, वरून मात्र रंग शाबूत दिसतो. जाड दाभण किंवा पेचकस घेऊन प्रत्येक टोकापाशी दाबून पाहा. लाकूड चांगले असेल तर टोक जेमतेम रुतते, कुजले असेल तर बोटभर सहज आत जाते. हे काम कोणीही जाणता सुतार एका दिवसात करून देईल. तुळया निर्दोष निघाल्या तरी पुस्तकांची कपाटे माडीवर ठेवू नका. पुस्तकांनी भरलेल्या एक मीटर लांबीच्या फळीचे वजन साधारण २५ ते ४० किलो होते. सहा फळ्यांचे एक कपाट म्हणजे तीन माणसे एकाच जागी रात्रंदिवस उभी. पुस्तके खाली ओवऱ्यांत, भिंतीपासून चार बोटे सुटी ठेवा म्हणजे हवा खेळती राहील. माडीवर टेबले आणि बसणारी मुले, तीही संख्या ठरवून.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करू देऊ नका. गवंडी आग्रह धरील, कारण त्याला तेच जमते आणि ते लवकर होते. जुनी भिंत जमिनीतील ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत सोडून देते. सिमेंटने तोंड बंद केले की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि काही वर्षांत दगड-विटांचे पोपडे गिलाव्यासकट खाली येतात. कळीचा चुना विरवून वापरणारे कारागीर अजून आपल्या भागात मिळतात, त्यांना शोधा. विजेच्या तारा भिंत खोदून आत पुरू नका. लाकडी पट्टीतून उघड्या न्या, आणि पट्टीचे खिळे दगडात न मारता सांध्यात मारा. शहाबादी फरशी उखडून चकचकीत टाइल्स बसवण्याचा विचार कोणी मांडला तर नम्रपणे नकार द्या. स्वच्छतागृह मठाच्या भिंतीला चिकटून नको, आवारात लांब आणि उताराच्या बाजूला बांधा. ते आधी बांधा, अभ्यासिका नंतर उघडा; मुलींना गावातच अभ्यास करता यावा असे वाटत असेल तर यात हयगय चालणार नाही.

खर्चाचा अंदाज विचारला आहे. वास्तू न पाहता आकडा सांगणे योग्य होणार नाही. छताच्या आणि तुळयांच्या कामाला पहिले प्राधान्य द्या, टेबल-खुर्च्यांना देणगीदार सहज मिळतात.

प्रश्न (इंग्लंडमधील नॉरिच येथून) : आमच्या वस्तीतील जुने चर्च बंद होण्याच्या मार्गावर आहे. त्याचे काय करावे याविषयी लोकांची मते मागवली जाणार आहेत असे कळते. आम्ही हिंदू आहोत, भाड्याच्या घरात राहतो. आम्ही यात बोलणे उचित होईल काय?

उत्तर : अवश्य बोला. चर्च ऑफ इंग्लंडच्या बंद होणाऱ्या चर्चसाठी ठरलेली पद्धत आहे : बिशपांकडून प्रस्ताव येतो, चर्च कमिशनर्स तो लोकांपुढे ठेवतात, आणि त्यावर लेखी निवेदन देण्यास धर्माची किंवा मालकीची अट नाही. शेवटी तीन वाटा उरतात : योग्य असा नवा वापर; वास्तू विशेष मोलाची असेल तर चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्टकडे सोपवणे, ज्यांच्याकडे आज साडेतीनशेहून अधिक चर्च आहेत; किंवा पाडून टाकणे. चर्च बंद झाल्यावर नव्या कामांसाठी नगरपालिकेची नेहमीची परवानगीही लागते, म्हणजे बोलण्याची दुसरी संधीही मिळते.

आपण तर या विषयाच्या माहेरघरातच राहता. नॉरिचमध्ये मध्ययुगीन चर्च तिसाहून अधिक उरली आहेत आणि त्यांना पुरतील इतके उपासक केव्हाच उरले नाहीत. तेथील सेंट पीटर हंगेट १९३३ मध्येच संग्रहालय झाले. १९७३ मध्ये शहराने एक स्वतंत्र विश्वस्त संस्था स्थापन केली. ती अठरा चर्चची देखभाल करते आणि भाडेकरू शोधते. सेंट जेम्समध्ये १९८० पासून कळसूत्री बाहुल्यांचे नाट्यगृह आहे, सेंट स्विदिनमध्ये कलाकेंद्र आहे. मुलांना घेऊन बाहुल्यांचा खेळ पाहून या. आणि प्रेक्षागृहाची आसनरचना जुन्या गारगोटीच्या भिंतींना कोठे टेकते व कोठे टेकत नाही हे मुद्दाम पाहा. आपल्या वस्तीतील चर्चविषयी काय मागायचे ते तेथे नेमके कळेल.

निवेदनात भावना थोडक्यात लिहा आणि गरज सविस्तर लिहा. वस्तीत पाळणाघर नाही, वृद्धांना दुपारी बसायला जागा नाही, लग्नाला सभागृह मिळत नाही, मराठी शाळेला शनिवारी वर्ग हवा आहे, असे जे असेल ते सांगा, आणि त्यांपैकी कशासाठी आपण आठवड्याला किती तास भाडे देऊ शकाल तेही लिहा. चर्चच्या सदनिका करण्याचा प्रस्ताव असेल तर त्याला विरोध नोंदवा, कारण एकदा आतील पोकळीत मजले आणि भिंती घातल्या की ती पुन्हा कधी एक होत नाही आणि दार वस्तीला कायमचे बंद होते. आवारात थडगी असतील तर नातेवाइकांचा तेथे जाण्याचा हक्क करारात लिहिलेला असावा असेही सुचवा. निवेदनाची मुदत सूचनेत छापलेली असते. ती सूचना बहुधा चर्चच्या दारावरच लावलेली असते.